ह्यात कोणीतरी आहे

भोरच्या वाचनालयात पुण्याचं साप्ताहिक आलं, की अण्णा बातम्या सोडून आधी व्यंगचित्र उघडत आणि ते पान उलट्या बाजूनं उजेडात धरत. माणूस मागून लवकर ओळखू येतो, असं त्यांचं मत होतं. "ह्यात कोणीतरी आहे," ते पुटपुटत.

संस्थानच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केल्यानं संशय त्यांच्या हाडांत मुरला होता. पानाला चुना जास्त लागला, तरी त्यामागे कोण आहे हे ते शोधत. घरी बोलायला कोणी नव्हतं. सगळे संशय ते वाचनालयात आणत आणि ऐकायला बहुधा मी असे. मी शाळेत मास्तर. त्यांना जाऊन आज तेरा दिवस झाले. वाचनालयात मी अजून गेलेलो नाही.

एकदा एक चित्र छापून आलं. पहिल्या चौकटीत लावणी सोडून आलेला शेतकरी, हातात भाताची रोपं, कचेरीच्या दारात उभा. दुसऱ्या चौकटीत तोच, तिथंच. रोपांना लोंब्या आलेल्या. दोन्हीकडे कारकून म्हणतोय, "उद्या या." उत्रोलीच्या एका निरक्षर म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो तर आमीच की वो."

चित्र मी टोपणनावानं पाठवलं होतं. तेवढ्यावर नोकरी जायची. अण्णा दोन दिवस माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते.

तिसऱ्या दिवशी फौजदार आले. हा कारकून कोण आणि काढणारा कोण, असं त्यांनी अण्णांनाच विचारलं. माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"हे नाक माझं आहे, साहेब," अण्णा म्हणाले. "काढणारा पुण्यात बसलाय. त्याचा अर्ज मी चार महिने दाबला होता, त्याचा सूड."

फौजदारांनी नाकाशी नाक ताडून पाहिलं, हसू दाबलं आणि ते गेले. मी तर कोणाचंच नाक काढलं नव्हतं. पण त्या दिवसापासून बाजारात अण्णा दिसले, की लोक "उद्या या" म्हणू लागले.

फौजदारांची पाठ वळल्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी चित्र माझ्यापुढे सरकवलं.

"शेतकऱ्याचे पाय चुकलेत, मास्तर. वेल्ह्याहून चालत आलेला माणूस असा ताठ उभा राहत नाही. या पायावरचा भार त्या पायावर घेत राहतो. तीस वर्षं मान वर न करता मी तेवढंच पाहिलंय."