शेवटचा टोला

"कोळीवाड्यात सुकट विकून दाखवीन!" अशी दिपेशची बढाई. म्हणून त्याने उरणकडच्या विमलबाईंकडून त्यांच्या वारलेल्या नवऱ्याची, ज्ञानू लोहाराची, साठ किलोची ऐरण विकत घेतली. चढ्या भावाने विकायला! ती टेम्पोत चढली तशा बाई घण घेऊन धावत आल्या.

"थांब रं! ऐरन घर सोडते तवा घरच्या मानसानं श्येवटचा टोला द्यायचा आसतो. माज्या दारात!"

"नंतर, मावशी, नंतर!"

टेम्पो सुटला.

संध्याकाळी बरोबर सात वाजता जुईनगरच्या चौथ्या मजल्यावर, हॉलच्या कोपऱ्यात ऐरण वाजली. ठण्ण! कुणी हात लावला नव्हता. दिपेशच्या बायकोच्या, निशिगंधाच्या हातून गाळणी पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात, पुन्हा ठण्ण! वर विडीचा वास. दिपेशने आयुष्यात विडी ओढली नव्हती.

"रविवारपर्यंत ही गेली नाही, तर मी खांदेश्वरला आईकडे. कायमची!" निशिगंधाने बॅगच भरली. तिच्याशिवाय दिपेशला स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नसत.

शनिवारी द्रोणागिरीच्या वर्कशॉपवाले अय्युबभाई ऐरण विकत घ्यायला आले. ऐरण नेहमी वाजवून पाहूनच घेतात. खणखणली तर चोख, बद्द वाजली तर तडा. त्यांनी हातोडी मारली. थप्प!

"दिपेशभाई, ही तर मेलीय."

ते लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं, आणि मागून ठण्ण!

"नालायक!" दिपेश ओरडला आणि लगेच हात जोडले. "तुम्हाला नाही हो, ज्ञानूमामा!"

त्याने विमलबाईंना फोन लावला.

"टोला ऱ्हायला ना! आन तिला हितं."

"साठ किलो कोण उचलणार? तुम्हीच या, रिक्षा पाठवतो."

"तितं नको रं, टोला पडंल तितं..."

"या हो मावशी, काय फरक पडतो!"

रविवारी बाई आल्या. डोळे पुसले, पदर खोचला, घण उचलला. ठण्ण्ण! खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली. अय्युबभाईंनी पुन्हा वाजवून पाहिली. खणखणीत! दोन गडी लावून लगेच घेऊन गेले. बाई गेल्या, निशिगंधाने बॅग उघडली आणि दिपेश ऐटीत सोफ्यावर पसरला.

सात वाजले. रिकाम्या कोपऱ्यातून, नुसत्या फरशीवरून, ठण्ण! मागोमाग विडीचा वास.

बॅगेची चेन पुन्हा लागली. दार आपटलं. दिपेशने फोन लावला.

"मावशी, ऐरण तर गेली! मग हे काय?"

"आरं, टोल्यानं ऐरन सुटते, मानूस नाय! टोला पडंल तितंच त्यो ऱ्हातो. म्हनून तं माज्या दारात म्हनत हुते!" पलीकडे ट्रंक ओढल्याचा आवाज आला. "आता त्यांना एकटं कसं सोडू? येते मी सामान घेऊन. तवर त्यांना चाय दे बाबा. बिनसाखरेची. शुगर हाय त्यांना."