वाळत घातलेली छत्री

मी ताई-चीचा संथ व्यायाम शिकायचं ठरवलं ते छातीत धडधडायला लागलं म्हणून. तसा मी जन्माचा घाबरट. पाणीखात्यात कारकून होतो तेव्हा साहेबांनी नुसतं "शेन, जरा आत या" म्हटलं तरी मी आधी माफी मागून मोकळा व्हायचो (साहेबांना बहुतेक वेळा चहाच हवा असायचा). रिटायर झालो, साहेब सुटले, धडधड मात्र राहिली. डॉक्टरांनी तपासलं तर हृदय ठणठणीत. ते म्हणाले, "काळजी कसली करता एवढी?"

काळजी एकच होती. आमची एकुलती एक मुलगी श्याओमान वर्षभर घरी आली नव्हती.

झालं असं की, श्याओमानने तिशी ओलांडली तरी ती लग्नाचं नाव काढेना, आणि माझ्या थोरल्या बहिणीला राहवेना. आमच्या शांघायच्या पीपल्स पार्कात सुट्टीच्या दिवशी आईबाप येतात, उघड्या छत्र्या जमिनीवर मांडतात, त्यांवर आपल्या लेकरांची माहिती लावतात आणि स्थळं बघतात. आक्काने कुणाला न विचारता तिथे एक छत्री मांडली आणि तिच्यावर श्याओमानचा फोटो डकवला. तो नेमका तिच्या ऑफिसातल्या एका बाईने पाहिला. सोमवारी सगळं ऑफिस तिला विचारत होतं, "काय मग, चांगली मागणी आली का?"

तिने फोन करून एवढंच सांगितलं, "आपल्या घरातलं कुणी पुन्हा त्या छत्र्यांच्या बाजारात दिसलं, तर मी कायमची तुटले समजा." तेव्हापासून ती फक्त फोनवर. जेवलीस का? जेवले. थंडी आहे का? आहे. नदीपलीकडे राहणारी पोर, तिकडे थंडी असेल तर इकडेही असणारच. पण दुसरं विचारायचं तरी काय?

तर डॉक्टर म्हणाले, गोळ्या नकोत, ताई-ची करा, ध्यान करा. माझी बायको पेइफेन म्हणाली, "जा बाबा. घरात बसून असे उसासे टाकतोस, पडदे हलतात."

त्याच पार्कात आमच्या थाओ गुरुजींचा वर्ग रोज सकाळी, छत्र्या यायच्या आधी भरायचा. हात ढगांसारखे फिरवायचे (माझे पंख्यासारखे फिरायचे), आणि शेवटी गुडघे किंचित वाकवून, समोर मोठा रांजण कवटाळल्यासारखे हात धरून, डोळे मिटून उभं राहायचं. गुरुजी सांगायचे, "विचार आला तर येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका. कुणी काही बोललं तर मंद हसा, मान हलवा आणि पुन्हा श्वासाकडे या." हे मान हलवण्याचं मला पहिल्याच दिवशी जमलं. सरकारी नोकरीत आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

आणि एके दिवशी श्याओमानचा फोन आला. "बाबा, शनिवारी शरद पौर्णिमेच्या सणाचं जेवायला येते." पेइफेन कढईत आसवं गाळत राहिली. मी पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की. झालं, माझी धडधड दुप्पट. काही चुकीचं बोललो तर? पोर उठून गेली तर?

म्हणून शनिवारी मन शांत करायला मी पार्कात गेलो. पहाटे पाऊस पडून गेलेला, त्यामुळे वर्ग उशिरा. त्यात आमच्या जागेवर नाचणाऱ्या बायकांनी भलाथोरला स्पीकर लावलेला. गुरुजी म्हणाले, "आज प्रत्येकाने आपापला निवांत कोपरा शोधा." मला बांबूंच्या आड एक सुंदर मोकळी जागा सापडली. ओली छत्री उघडून समोर वाळत ठेवली, रांजण कवटाळला, डोळे मिटले.

काय सांगू, त्या दिवशी खरंच लागलं ध्यान. आसपास माणसं आल्यासारखं वाटलं, येऊ दिली. कुजबुज झाली, होऊ दिली. मग अगदी कानाशी एका बाईचा आवाज आला.

"एकटेच ना?"

मी मंद हसून मान हलवली.

"पेन्शन आहे ना?"

मान हलवली.

"घर स्वतःचं? स्वयंपाक येतो? दारूबिरू नाही ना?"

(शेवटच्या प्रश्नालाही मी तशीच मान हलवली. श्वासाकडे लक्ष होतं.)

"मुलगी आहे वाटतं एक? थांबा, तुम्हाला पाहिलंय मी. त्या वाफवलेल्या पावांच्या दुकानाच्या माडीवर राहता ना? मी यिन मावशी, स्थळं जुळवते. काही काळजी करू नका. संध्याकाळी घेऊनच येते."

काळजी करू नका, हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी वाकून नमस्कारही केला.

पुढच्या श्वासाला ते 'संध्याकाळी' मेंदूत शिरलं. डोळे उघडले. डावीकडे छत्र्या, उजवीकडे छत्र्या, आणि मधोमध माझी. रोजचा येणारा मी, पण सुट्टीला इथे काय भरतं ते डोक्यातच आलं नव्हतं. यिन मावशी दिसेनाशा झाल्या होत्या. मी छत्री मिटली आणि घराकडे सुटलो.

घरी येऊन पेइफेनला सांगितलं का? छे. तेवढं धैर्य असतं तर ताई-चीची वेळ कशाला आली असती? दिवसभर मी दाराकडे बघत दीर्घ श्वास घेत होतो. ती म्हणाली, "म्हातारबुवा, मासा साफ करतोयस की त्याला श्वास घ्यायला शिकवतोयस?" (आमच्या शहरात चूल बऱ्याचदा नवऱ्याच्या ताब्यात असते.)

संध्याकाळी श्याओमान आली. हातात सणाच्या गोड मूनकेकचा डबा. वाळली होती पोरगी. तिने माझ्याकडे बघून नुसतं "बाबा" म्हटलं आणि मला एकदम भरून आलं. ताटं मांडली, आम्ही बसणार, तोच दार वाजलं.

दारात यिन मावशी. मागे रेशमी स्कार्फातल्या एक बाई. आपल्या मुलासाठी आल्या असणार, हे मी ओळखलं.

"सकाळी पार्कात बोलणं झालं ना," मावशी म्हणाल्या, "छत्र्यांपाशी."

श्याओमानचा चेहरा उतरला. "बाबा, तूसुद्धा?" म्हणून तिने खुर्चीवरची पर्स उचलली.

मला वाटलं, गेली. आता गेली ती परत येत नाही. मी माशाची ताटली हातात घेऊन तिच्या वाटेत उभा राहिलो. "बेटा, आईशप्पथ, मी नुसता उभा होतो. डोळे मिटून. छत्री ओली होती गं."

"मुलगी कशाला रागावते?" यिन मावशी म्हणाल्या. "तिचा काय संबंध? या ल्यू बाई. यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही यांच्यासाठी आलोय." आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्याकडे.

मग श्याओमानने पर्स खाली ठेवली, पोट धरलं आणि जमिनीवरच बसली. लहानपणी हसायची तशी हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. पेइफेनने चष्मा चढवून मला नखशिखांत न्याहाळलं. कुणाला याच्यात काही दिसू शकेल, हे इतक्या वर्षांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी याची बायको," ती ल्यू बाईंना म्हणाली. "बसा, जेवूनच जा."

मावशी खजील झाल्या. "पण सकाळी काय शांत दिसत होते हो. मी म्हटलं, असा निश्चिंत माणूस सापडायचा नाही." ल्यू बाई माझ्या हातातल्या ताटलीकडे बघत होत्या. ताटली थरथरत होती आणि रस्सा सांडत होता.

जेवताना श्याओमान माझ्या शेजारी बसली. माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून तिने माझ्या वाडग्यात ठेवला. हळूच विचारलं, "बाबा, तुझी धडधड माझ्यामुळे होती?"

"छे गं, वयामुळे."

"खोटं बोलतोस." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "आज राहते मी. आणि पुढच्या शनिवारी पार्कात मी येते बरोबर. तुला असं एकटं सोडणं बरं नाही."

माशाचा दुसरा गाल मी तिच्या वाडग्यात ठेवला. छातीत मात्र इतकं गप्प झालं होतं की धडधड चालू आहे ना, म्हणून मी हात लावून पाहिला.

निघताना ल्यू बाईंनी पेइफेनचा हात हातात घेतला. "मासा अप्रतिम होता," त्या म्हणाल्या. "पण माणूस राहू द्या."

पेइफेनने सुस्कारा टाकला. "मलाही लग्नाच्या वेळी मासाच हवा होता हो. सुटा देत नव्हते."