नरखेडच्या आत संपवा

आमच्या नागपूरच्या मंडईत श्रावण संत्र्याचा भाव आधी सांगत नसे. आधी विचारायचा, "खाणार कुठी?"

गिऱ्हाईक म्हणालं "घरी", तर ठीक. "गाडीत" म्हणालं की याचं तोंड कडू. "मंग नरखेडच्या आत संपवा. पुढं पांढुर्णा, म्हणजे मध्यप्रदेश. राज्याच्या आतला धंदा राज्याचा, हद्द ओलांडली का दिल्लीचा. मले दिल्लीची भानगड नाही पाहिजे."

हे ज्ञान त्याला एका वकिलानं अर्ध्या डझन संत्र्यांवर दिलं होतं. माझं टोपल्यांचं दुकान त्याच्या शेजारी, म्हणून वीस वर्षं ते फुकट ऐकलं. मी चौथीत शाळा सोडली, पण खाल्लेलं संत्रं कोणत्या सरकारचं हे कोणी पाहत नाही, एवढं मलाही कळतं.

एकदा दिल्लीचा साहेब आला. म्हणाला, पेट्यांवर आता आमचा शिक्का लागेल. श्रावणनं त्याला संत्रं सोलून दिलं. साहेबानं खाल्लं.

"झालं," श्रावण म्हणाला. "हे नागपुरातच संपलं. याच्यावर तुमचा हक्क नाही."

साहेब कागद चाळत बसला. त्यात पोटाचा रकाना नव्हता.

श्रावणची एकुलती लेक चंद्री पांढुर्ण्याला दिलेली. आठ वर्षांत हा एकदाही तिच्या घरी गेला नाही. मी टोचायचो, "काहून गा, पोरीकडं जायलेही दिल्लीले विचारा लागते?"

"रिकाम्या हातानं जाऊ? अन् संत्रं नेलं का दिल्लीचं झालं."

एका हिवाळ्यात बांबू पाहायला मी नरखेडला उतरलो. फलाटावर श्रावण. बाजूला चंद्री, पांढुर्ण्याहून आलेली. हा एकेक फोड सोलून, बी काढून तिच्या हातावर ठेवत होता.

तिची गाडी गेल्यावर म्हणाला, "नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी पीत नाही आपण. मी गेलो, पाणी नको म्हटलं, का सारे तिच्या ओटीकडं पाहतीन. त्यापेक्षा बाप येडा बरा. तिची सासू म्हणते, तुह्या बापाले दिल्लीनं अडवलं. हसतात अन् सोडून देतात."

मी बांबू न पाहताच परत आलो.

पुढच्याच महिन्यात चंद्रीचा सासरा मंडईत आला. श्रावण जेवायला गेला होता. मलाच विचारलं, "काहो, खरंच असा कायदा आहे का जी?"

मी हातातली टोपली खाली ठेवली.

"आहे ना पाटील," मी म्हणालो. "मी स्वतः वाचला."