कोपरा कापलेली कार्डं

जीवराम मास्तर धामणखेड्याच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. शिकवायचे गणित, आणि जगायचेही गणितानंच. खडूचा शेवटचा तुकडा चिमटीत मावेनासा झाला की त्याची भुकटी करून बायकोला, यशोदाबाईंना, भांडी घासायला देणारा हा माणूस. त्यामुळे नोव्हेंबरात जळगावच्या छापखान्यानं शाळेची कार्डं गरजेपेक्षा शंभर जास्त छापून पाठवली, तेव्हा मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

कार्डं चांगली होती. वर शाळेचं नाव, उजव्या कोपऱ्यात 'नोव्हेंबर १९३८', खाली मजकुरासाठी कोरी जागा. दर महिन्याला शाळेची हालहवाल वसतिगृहातल्या मुलांच्या घरी कळवायची, ही मास्तरांची हौस. मुलं चोपड्याच्या आसपासच्या पंधरा-सोळा खेड्यांतली. दिवाळीला घरी जायची ती एकदम नाताळात, म्हणून ही कार्डं.

आता डिसेंबर लागला होता आणि या वेळचं कार्ड फार महत्त्वाचं होतं. शनिवारी, सतरा तारखेला, जळगावहून डेप्युटी साहेब तपासणीला येणार होते. शाळा पाचवी इंग्रजीपर्यंत. सहावीचा वर्ग मिळावा म्हणून मास्तर चार वर्षं अर्ज करत होते. गेल्या साली साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'शाळेविषयी लोकांस आस्था दिसत नाही. पुढील तपासणीतही असेच आढळल्यास परवानगीचा विचार करता येणार नाही.' त्यात साहेबांची चूक नव्हती. गेल्या साली पालक आले होते दोन, त्यातला एक हरवलेला बैल शोधत आला होता.

"सर्व पालकांनी अवश्य यावे, असं ठळक लिहा," मास्तर चित्रकलेच्या नासीर मास्तरांना म्हणाले. नासीर मास्तरांचं अक्षर पाहत राहावं असं. त्यांनी त्या जादा कार्डांतली सत्तर लिहून काढली. वृत्त: पाचवीच्या मुलांनी केळीची पंचवीस खोडं लावली, पैकी दोन जगली. विहिरीचा रहाट दुरुस्त झाला. आगामी कार्यक्रम: सतरा तारखेस तपासणी, वीसला धावण्याच्या शर्यती व चित्रांचं प्रदर्शन, चोवीसपासून नाताळची सुट्टी.

"झकास! पण हा नोव्हेंबर?" नासीर मास्तरांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"खोडलं तर घाण दिसेल," मास्तर म्हणाले. त्यांनी भूमितीच्या पेटीतला गुण्या घेतला, कोपऱ्यावर तिरपी रेघ मारली आणि त्यांचा चेहरा उजळला. "कापून टाका. काटकोन त्रिकोण, दोन बाजू समान. मागचं तिकीट दुसऱ्या कोपऱ्यात आहे, त्याला धक्का लागत नाही."

शाळेचा शिपाई वना दाराशी उभा होता. शंभराच्या शंभर कार्डांचे कोपरे एकेक करून खाली पडताना पाहून त्याचा जीव वरखाली झाला. "मास्तर, पन कोपरा..."

"पण नाही न् बिण नाही! तुला भूमिती कळते का?"

"नही."

"मग लिहिलेली टपालात टाकून ये."

वना गेला. भूमिती आपल्याला कळत नाही हे त्याला मान्य होतं. पण कोपरा कापलेलं कार्ड कशाचं असतं, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तसलं कार्ड मयताचं. ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं आणि रडत निघायचं. हे मास्तरांनाही ठाऊक होतं हो! पण डोक्यात त्रिकोण शिरला की मास्तरांच्या डोक्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नसे.

शुक्रवारी एका खेड्यात हिलाल आबांच्या दारात पोस्टमन आला. आबांचा मुलगा पाचवीत, वसतिगृहात. पोस्टमननं कार्ड लांबूनच ओट्यावर ठेवलं. कोपरा पाहिला मात्र, आबांच्या बायकोच्या, भिकुबाईंच्या, हातातलं सूप खाली पडलं.

"माय वं! मन्हा पोऱ्या!"

"थांबा अक्का," पोस्टमन घाईनं म्हणाला, "या एका गावात सात घरी दिलंय असलं कार्ड. सगळी शाळेकडूनच."

"सात पोरे एकदम कशे जातीन?" आबांनी मटकन बसत हिशेब लावला. "म्हंजे पोरे नहीत. मास्तर गया." आणि त्यांनी कार्डाचे चार तुकडे करून उकिरड्यावर टाकले. "काय मानूस व्हता वं! मन्हा पोऱ्याले मलेरिया जाया, तर तीन दिन मांडीवर डोकं ठेईसन बठना व्हता."

भिकुबाई रडल्या त्या निम्म्या दुःखानं आणि निम्म्या सुटकेनं. मग डोळे पुसून त्यांनी पिठाचा डबा उघडला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाकरी आपणच न्यायची असते. पंधरा-सोळा गावांत त्या संध्याकाळी भाकरी थापल्या गेल्या, पिठलं शिजलं.

शनिवारी सकाळी साहेब सर्व्हिस मोटारीतून उतरले. बंद गळ्याचा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. पटांगण पाहिलं. पटांगणात दोन केळी आणि वना. "पालक?" साहेबांनी विचारलं. "येतीलच," मास्तर रस्त्याकडे पाहत म्हणाले. साहेब चौथीच्या वर्गात शिरले.

इकडे शाळेमागच्या खोलीत यशोदाबाई साहेबांसाठी शिरा परतत होत्या. तेवढ्यात पदर डोक्यावर ओढलेल्या दहा-बारा बाया आत आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडून रडू लागल्या.

"अगं काय झालं? कोण गेलं?"

"मास्तर वं माय! आसा देवमानूस!"

"काहीतरीच काय! आत्ता तर चहा पिऊन गेले!"

"तसंच र्‍हास माय," भिकुबाईंनी त्यांचे डोळे पुसले. "चहा पिईसन बठेल मानूस चालना जास."

यशोदाबाईंच्या मनात आलं, साहेबांच्या धास्तीनं यांची छाती बसली की काय! शिरा तसाच चुलीवर टाकून त्या धावत सुटल्या. मागून बाया. पटांगणात पाहतात तर गाड्याच गाड्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढलेली, पांढरे फेटे बांधलेले दोनशे पुरुष खाली मान घालून बसलेले, आणि टोपल्यांतून भाकरीचा वास. यशोदाबाईंनी ते पाहून जो हंबरडा फोडला, त्यानं उरलासुरला गावही जमा झाला. त्या रडताहेत हे पाहून वसतिगृहातली मुलं रडू लागली. का, ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

चौथीच्या वर्गात साहेबांनी नुकतंच तापीच्या उपनद्या विचारल्या होत्या. आवाज ऐकून ते थांबले. "हेडमास्तर, हे काय?"

"बघतो," म्हणून जीवराम मास्तर ओसरीवर आले.

पटांगणातलं रडणं अर्ध्यावरच राहिलं. मग हिलाल आबा हळूहळू उठले, पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचा दंड चाचपला.

"मास्तर, तुम्ही शेतस?"

"असायला काय झालं?"

"मंग गया कोन?"

"मला काय विचारता? रडताय तुम्ही!"

"कोपरा कापेल कार्ड कोनी धाडं?"

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी वनाकडे पाहिलं. वना केळीकडे पाहत म्हणाला, "मी सांगतच व्हतू. पन माले भूमिती कळत नही."

यशोदाबाईंनी येऊन, इतक्या लोकांसमोर, मास्तरांच्या कोटाची बाही घट्ट धरली ती सोडेचनात. मास्तरांना लाज वाटली, भरून आलं, आणि दोन्हीचा मिळून झाला संताप. "अहो, पण कार्डावर काय लिहिलंय ते वाचायचं की नाही? कुणीच वाचलं नाही?"

"तसं कार्ड कोनी वाचस का? फाडी टाकं."

"फाडायचंच तर आधी वाचून फाडा! माणसानं आधी वाचावं, मग फाडावं! इतके शिकवतो आम्ही..."

"हेडमास्तर," मागून आवाज आला. साहेब दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. गेली सहावी, त्यांना वाटलं. साहेबांनी हिलाल आबांना विचारलं, "गेल्या वर्षी बोलावलं तेव्हा तुमच्यातले दोघेच आले. आज एवढे कसे?"

आबांनी फेटा सावरला. "खरं सांगू साहेब? आम्हले वाटे, शाळा मास्तरनी शे. तो पाही लेई. काल वाटनं मास्तर गया. रातभर डोयाले डोया नही. आते आपला पोरेसनं काय? तवय समजनं, शाळा आपली शे." आणि एवढं बोलून म्हातारा पुन्हा रडू लागला. या वेळी मात्र सुखानं.

साहेब ओसरीची पायरी उतरून खाली आले. मग त्यांनी विचारलं, "टोपल्यांत काय आहे?"

शिरा केव्हाच करपला होता. तेव्हा साहेब, मास्तर, मुलं आणि अख्खा गाव पटांगणातच पंगत करून बसले. साहेबांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. "उत्तम झालंय. काही खास प्रसंग असतो का या जेवणाचा?" "असतो," नासीर मास्तर घाईनं म्हणाले, "पाहुणे आले म्हणजे करतात." मास्तरांनी स्वतःच्या मयताची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी चवीनं खाल्ली. पोटभर खाल्ली, कारण वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

निघताना साहेब म्हणाले, "मी वर लिहितो. निर्णय माझ्या हातात नाही. आला की टपालानं कळवीन."

मास्तरांनी लगेच उरलेल्या कार्डांतलं एक काढलं, त्यावर आपला पत्ता लिहिला आणि साहेबांच्या हातात दिलं. "आपल्याला कार्डाची तोशीस नको." साहेबांनी ते पाहिलं, मिशीत हसले आणि खिशात घातलं.

त्यानंतर मास्तरांचा एकेक दिवस जाता जाईना. पोस्टमन दिसला की वर्गात पायथागोरस अर्धवट राही. जानेवारीही सरत आला. उत्तर नाही. यशोदाबाई म्हणायच्या, "मिळेल हो." मास्तर म्हणायचे, "नाही मिळायचं. त्यांनी आमचा तमाशा पाहिलाय."

एका सकाळी मास्तर पाचवीला त्रिकोण शिकवत असताना पोस्टमन ओसरीवर आला. आत आला नाही. कार्ड त्यानं लांबूनच, दोन बोटांत धरून पुढे केलं.

कोपरा कापलेला.

मास्तरांच्या हातून खडू गळला. आई गावी, थकलेली, गेल्या आठवड्यात खोकला वाढल्याचं कळलं होतं. "आई गं!" एवढंच ते म्हणाले आणि कार्डाचे दोन तुकडे करून ओसरीखाली भिरकावले. मग खांबाला धरून लहान मुलासारखे रडू लागले.

वना ओसरीखाली उतरला. तुकडे उचलून त्यानं शेजारी शेजारी लावले. उलटसुलट करून पाहिले. पत्त्याचं अक्षर कुणाचं आहे हे ओळखायला त्याला भूमिती लागली नाही.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "आधी वाचो, मंग फाडो, आसं तुम्हीच सांगं व्हतं ना?"

मास्तरांनी डोळे पुसून पाहिलं. स्वतःच्या हाताचा पत्ता, स्वतःच्या गुण्यानं आखलेला कोपरा. पाठीमागे साहेबांच्या बारीक अक्षरात दोन ओळी: 'येत्या जूनपासून सहावी इंग्रजीच्या वर्गास परवानगी मंजूर. पिठले अद्याप आठवते.'

ते कार्ड नासीर मास्तरांनी खळ लावून जोडलं, चौकट करून हेडमास्तरांच्या खुर्चीमागे टांगलं. मधला जोड आणि कापलेला कोपरा लांबूनही दिसतो. नवे लोक विचारतात, हे असं का? मास्तर अशा वेळी घाईनं फळा पुसायला लागतात, आणि सांगायचं काम वनाकडे येतं.