दातारकाकांचं लपवलेलं टोक

चातुर्मासात दातारांच्या घरी लसूण मिळतो तो फक्त माशांना.

हे वाक्य माझं नाही, वसुधाकाकूंचं आहे. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या शेजारी राहणारे त्यांचे यजमान, डॉक्टर माधव दातार, जन्माचे शाकाहारी. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर बास नावाच्या माशाच्या नादी लागले. त्याला पकडायला ते रबरी गांडुळं वापरतात. मऊ, लुळी, आणि माशाला रुचावीत म्हणून कारखान्यातूनच लसणाचा वास लावलेली. काकांनी ती ठेवलीत घरातल्या जुन्या मिसळणाच्या डब्यात. मोहरीच्या वाटीत काळी, हळदीच्या वाटीत पिवळी. एकदा काकूंनी वरणाला फोडणी देताना घाईत तोच डबा उघडला. त्यानंतर त्या घरात बरेच दिवस फक्त टीव्ही बोलत होता.

"अरे, ह्या रंगांची नावं तरी वाच," काका मला पाकीट दाखवून म्हणाले. "ग्रीन पंपकिन. वॉटरमेलन. नावंसुद्धा शाकाहारी!"

पकडलेला मासा ते पाण्यात सोडून देतात. "मग पकडता कशाला?" असं मी एकदा विचारलं.

"सुहास, मी जन्मभर माणसांना भूल देऊन परतच आणलं की नाही? तेच चालू आहे."

शनिवारी पहाटे ते मला बरोबर नेतात. माझ्या बायकोचा याला पाठिंबा आहे. मी घराबाहेर असण्याला तिचा कायमच असतो. तळ्यावर पोचतो तेव्हा पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नाही. धरण बांधलं तेव्हा बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत, पानं नसलेली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. त्यांच्यामधून काकांची छोटी होडी आवाज न करता सरकते. मी जागा आहे की घरी पांघरुणात पडून हे स्वप्न बघतोय, याची खात्री मला थर्मासमधला चहा जिभेला भाजल्यावरच होते.

बाकीची मंडळी मोकळ्या पाण्यात गळ टाकतात. काका टाकतात ते दाट पाणगवतात, फांद्यांच्या जाळ्यात. "मोठा मासा अडचणीत बसतो. उघड्यावर येत नाही. आपण त्याच्या दारात जायचं." आणि त्याच्या दारात जायचं तर गळाचं टोक उघडं ठेवून चालत नाही. नाहीतर मासा राहतो बाजूला आणि हाती येतं ओंजळभर गवत. म्हणून काका गळ गांडुळाच्या डोक्यातून ओवतात, बाहेर काढतात, फिरवतात, आणि टोक पुन्हा त्याच्याच अंगात, कातडीच्या जरासं आत, लपवून ठेवतात. गांडूळ कसं पट्टीनं आखल्यासारखं सरळ दिसतं. माझ्या गांडुळाची जिलबी होते. ती जिलबी मी हटकून एखाद्या झाडाला अडकवतो आणि जोर लावून ओढत बसतो.

"ओढू नकोस रे," काका म्हणतात, "झाडाला भूल चढलेली नाही अजून."

गवतात बसलेल्या माशानं गांडूळ तोंडात धरलं की दोरीला नुसतं 'टप' होतं. कुणी दारावर एका बोटानं वाजवावं तसं. माझ्यासारखा तेव्हाच हिसका देतो आणि मासा घालवतो. काका मात्र हळू आवाजात उलटे आकडे मोजायला लागतात. "दहा... नऊ... आठ..." भूल देतानाची जुनी सवय. मासा गाफील होतो आणि मला जांभई येते.

त्यांचा मुलगा निनाद रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथंच जन्मला, आईबाबांचं मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. दर रविवारी त्याला फोन. गेल्या हिवाळ्यापासून त्याची बायको प्रिया व्हिडिओवर दिसेनाशी झाली. एका रविवारी मी काकांकडेच पोहे खात बसलो होतो.

"प्रिया कुठाय रे? भांडलात का तुम्ही?" काकूंनी थेट विचारलं.

"आई, आय हॅव अ मीटिंग." फोन बंद.

"रविवारी कसली मीटिंग?" काकू रिकाम्या स्क्रीनला म्हणाल्या.

काकांनी पेपरमधून मान वर केली नाही. "वसुधा, टोक उघडं टाकलंस."

"तुम्ही आणि तुमची गांडुळं! तुम्ही काय विचारता त्याला? 'तुझ्याकडे पाऊस आहे का रे?' रेडमंडला पाऊस असतोच! बाप लेकाशी हवामान खात्यासारखा बोलतो."

खरं होतं. दर रविवारी काकांचा तोच एक प्रश्न, आणि निनादचं तेच उत्तर. "येस, बाबा. अ बिट."

मला पोचवायला काकू दारापर्यंत आल्या. गॅरेजच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं लहान मुलाचा एक निळा फिशिंग रॉड होता, दुकानाचं लेबलही न काढलेला. "निनाद दर शनिवारी मागे लागायचा, बाबा फिशिंगला चला. हे दर शनिवारी हॉस्पिटलात ऑन कॉल. आता शिकलेत, म्हणे तो आला की नेईन. तो येतोय कुठं?"

जूनमध्ये निनाद आला. एकटाच. काकूंना काकांनी काय दम दिला होता कुणास ठाऊक, त्यांनी फक्त पुरणपोळ्या केल्या.

शनिवारी आम्ही तिघं होडीत. काकांनी त्याच्यासाठी गांडूळ ओवलं, पट्टीसारखं सरळ. निनादनं ते गवतातल्या एका भोकात अलगद सोडलं. एक बगळा आला, कंटाळून गेला. मला शांतता सोसत नाही. "काय रे निनाद," मी सुरुवात केली, तोच काकांचा बूट माझ्या पावलावर पडला.

"सुहास, चहा काढ."

आणि निनादच्या दोरीला टप झालं. मलासुद्धा दिसलं.

"ओढू नकोस," काका कुजबुजले. "दहा... नऊ... आठ..."

"बाबा, आर यू पुटिंग हिम टू स्लीप?" निनाद हसला.

"सात... सहा..."

"प्रिया मूव्ड आउट, बाबा," निनाद पाण्याकडे बघत म्हणाला. "जानेवारीत."

काका सहावरच थांबले. दोरी हळूहळू गवताच्या आत सरकत गेली, ताणली, आणि मग सैल पडली. मासा गेला. कुणीच ओढलं नाही.

काकांनी दोरी गुंडाळून घेतली. गांडुळाचं शेपूट तुटलं होतं. त्यांनी डबा उघडला, हळदीच्या वाटीतून नवं काढलं आणि ओवायला घेतलं. त्यांच्या हातून पहिल्यांदाच जिलबी झाली. त्यांनी ती सोडवली, पुन्हा ओवली. पुन्हा जिलबी. धुकं उतरलं होतं, टेक्सासचं ऊन पाण्यावर पसरायला लागलं होतं. आभाळात ढग नावाला नव्हता.

"तुझ्याकडे," काकांनी हातातल्या गांडुळावरून नजर न काढता विचारलं, "पाऊस आहे का रे?"

निनादनं बापाच्या हातातून ते वाकडं गांडूळ घेतलं आणि सरळ करत बसला.

"आहे, बाबा," तो म्हणाला. "खूप आहे."