शांत, कौटुंबिक आणि रिकामा

सँडरलिंग बेटाचा पूल उतरला की उजव्या हाताला नगरपालिकेची एक हिरवी पाटी लागते. तिच्यावर 'शांत, कौटुंबिक समुद्रकिनारा' असं लिहिलेलं आहे. चोवीस वर्षं ही पाटी कोणी मनावर घेतली नव्हती. त्यामुळे किनारा शांत होता आणि कुटुंबं येत होती.

मे महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या एका पाहुण्याने लेखी तक्रार केली. पाटीवर शांतता कबूल केलेली असताना मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी किनाऱ्यावर एक मूल हसलं, असं त्याचं म्हणणं होतं. मूल कोणाचं हे त्याला सांगता आलं नाही. आपलं नव्हतं, एवढं मात्र त्याने दोनदा लिहिलं होतं.

नगरपालिकेच्या वकिलाने सांगितलं की पाटी म्हणजे लेखी वचन. एकतर पाटी काढा, नाहीतर वचन पाळा. पाटी राज्याच्या रस्ते खात्याच्या खांबावर होती आणि ती काढायची परवानगी मिळायला चौदा महिने लागले असते. किनारा नगरपालिकेचा स्वतःचा होता. तेव्हा पाटी काढण्यापेक्षा किनारा गप्प करणं सोपं, असं सभेत एकमताने ठरलं.

हे ठरत होतं त्या वेळी क्लाइड टिलेट आपल्या घराच्या मागच्या खोलीला पिवळा रंग देत होता. क्लाइड चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याने एकतीस वर्षं त्याच पुलावर नोकरी केली होती. बोट आली की पूल उचलायचा, बोट गेली की खाली ठेवायचा. नियम मोडणं त्याला कधी जमलं नाही. मोडायला बसलं की आधी कोणाला विचारावं, हेच त्याला सुचत नसे. मागची खोली नातीसाठी होती. जोसी सहा वर्षांची, ओहायोतल्या डेटनला राहणारी. तिची आई ब्रेंडा, म्हणजे क्लाइडची मुलगी, तिथे इस्पितळात परिचारिका. ब्रेंडाचा घटस्फोट, कोर्टाच्या तारखा, रात्रपाळ्या यांत इतकी वर्षं गेली की क्लाइड टिलेटच्या नातीने समुद्र पाहिलेलाच नव्हता. आता जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती येणार होती. शनिवारी यायचं, पुढच्या शनिवारी जायचं. सोमवारी सकाळी तुला लाटांत घेऊन जाईन, असं त्याने तिला फोनवर सांगून टाकलं होतं. तो सहसा शब्द देत नसे, म्हणून त्याला दिलेल्या शब्दाची भीती वाटे.

दरम्यान नगरपालिकेने आवाज मोजायचं यंत्र आणलं. किनाऱ्यासाठी साठ डेसिबलची मर्यादा ठरली. पहिल्याच दिवशी, किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना, यंत्राने अडुसष्ट दाखवले. तो आवाज समुद्राचा होता. समुद्राला नोटीस बजावावी का, यावर पाऊण तास चर्चा झाली. पण त्याचा कायम पत्ता कोणालाच नक्की सांगता येईना. अखेर समुद्र हा पूर्वीपासूनचा वहिवाटदार ठरवून त्याला सूट देण्यात आली. मात्र मर्यादा संपूर्ण किनाऱ्याची होती. समुद्राने साठ तर वापरलेच होते, वर आणखी आठ. अभियंत्याने फळ्यावर वजाबाकी करून दाखवली. माणसांच्या वाट्याला उणे आठ डेसिबल येत होते.

उणे आठ आवाज कसा करायचा, यासाठी समिती नेमली गेली. श्वास घेणाऱ्याला ते साधणार नाही, असा अहवाल तिने दिला. अहवाल चांगला होता, पण त्यावर उपाय नव्हता. उपाय सापडला तो एका निरीक्षकाला, सकाळच्या फेरीत.

सँडरलिंगला एक जुनी चाल आहे. पाहुणे पहाटे उठतात, किनाऱ्यावर पुढच्या रांगेत खुर्च्या आणि छत्र्या रोवून येतात आणि घरी जाऊन झोपतात. मग भरपेट न्याहारी होते, पोरांच्या अंगाला मलम चोपडणं होतं, कोणाची तरी चप्पल सापडत नाही. चार वाजता मंडळी पोहोचली तर पोहोचली. तोवर खुर्च्या बसून असतात. त्या सकाळी निरीक्षकाने एकशे चाळीस खुर्च्या मोजल्या. एकही बोलत नव्हती. नियम चौदा असा झाला: यापुढे खुर्चीची हजेरी हीच कुटुंबाची हजेरी समजण्यात येईल; माणसांनी किनाऱ्यावर येऊ नये.

लोक चिडतील अशी नगरपालिकेची अपेक्षा होती. म्हणून तिने किनाऱ्यावर कॅमेरा लावला आणि भाड्याच्या दोनशे बारा घरांत टीव्हीवर आपापली खुर्ची पाहायची सोय केली. लोक चिडले नाहीत. अंगाला वाळू लागत नाही, ऊन लागत नाही, शिवाय खुर्ची पुढच्या रांगेत. क्लाइडच्या शेजारच्या घरात उतरलेले व्हर्जिनियाचे एक गृहस्थ सोफ्यावर बसून त्याला म्हणाले, की वीस वर्षांत इतका निवांत समुद्र अनुभवला नव्हता.

जोसी शनिवारी आईबरोबर आली. क्लाइडचं घर खाडीच्या बाजूला. मध्ये वाळूच्या टेकड्या असल्याने समुद्र ऐकू येई, पण दिसत नसे. रविवारी शेजाऱ्यांनी तिला तो कौतुकाने टीव्हीवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि घरी येऊन म्हणाली, "आजोबा, आमच्याकडचा टीव्ही याच्याहून मोठा आहे."

सोमवारी सकाळी क्लाइड नगरपालिकेत गेला. खिडकीत डोरीन बासनाइट होती. ती त्याच्याबरोबर शाळेत होती आणि तेव्हापासून त्याला फाडफाड बोलत आली होती. त्याने टोपी काढून सांगितलं, की नातीला पाण्यात न्यायचं आहे. माणसांना परवानगी नाही, हे डोरीनने त्याला समजावलं. खुर्चीसाठी अर्ज केला तर ठेवायला म्हणून दहा मिनिटं जाता येईल. सोबत एक मदतनीस चालतो, आणि मदतनिसाचं वय कोणी विचारत नाही.

"पण कुटुंब चार जणांचं लागतं," ती म्हणाली. "तुम्ही किती?"

"तीन."

"नवरा नाही का ब्रेंडाला?"

"होता. तुलाच ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? मी तुला पाचवीपासून ओळखते रे क्लाइड, पण हा कागद ओळखत नाही. कुत्रा आहे का?"

"रस्टी होता. फेब्रुवारीत गेला."

डोरीनने चष्म्यावरून अर्जाकडे नीट पाहिलं. "हयात असावा, असं कुठे म्हटलेलं नाही," असं म्हणत तिने चौथ्या रकान्यात रस्टीचं नाव लिहिलं. नातं या रकान्यात तिने 'जवळचं' असं लिहिलं.

परवानगी यायला गुरुवार उजाडला. मधले तीन दिवस जोसी रोज सकाळी ओसरीत उभी राहून आवाज ऐके आणि विचारी, की समुद्र अजून तिथेच आहे ना. ब्रेंडा म्हणाली, "बाबा, दोन बेटं सोडून दुसरीकडे जाऊ या ना. तिथे कोणी काही विचारत नाही." क्लाइडलाही ते पटत होतं. पण अर्ज दिलेला असताना दुसरीकडे जाणं त्याला पहिल्या बेटाचा विश्वासघात वाटला. तिसऱ्या दिवशी ब्रेंडाने त्याच्यापुढे हात टेकले.

वेळ मिळाली शुक्रवारी सकाळी सहा ते सहा दहा. सूचना होत्या: बोलू नये, धावू नये, खुर्ची उचलून न्यावी, ओढू नये. क्लाइडने खुर्ची खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातात नातीचं बोट धरलं. लाकडी पायऱ्या चढून दोघं टेकडीच्या माथ्यावर आले.

समोर समुद्र होता. जोसीने मिनिटभर नुसतं पाहिलं. तेवढा वेळ नियम पाळला गेला. मग तिने पायांतून बूट काढले आणि सरळ धावत सुटली. पहिली लाट गुडघ्यांवर आदळली तेव्हा ती अशी किंचाळली, की यंत्राचा काटा एक्क्याण्णववर गेला आणि तिथून परत यायला त्याला वेळ लागला.

क्लाइडपुढे पेच होता. हाक मारावी तर तोही आवाज. म्हणून तो तिला आणायला स्वतः गेला. आधी बुटांसकट घोट्यापर्यंत, मग विजारीसकट गुडघ्यापर्यंत. तिथे एका लाटेने त्याला खाली बसवलं. जोसी हसली, तोही हसला, आणि आपण कशासाठी आलो होतो ते तो विसरला. ते परत निघाले तेव्हा सव्वासात वाजले होते.

दोनशे बारा टीव्ही चालू होते. नगरपालिकेचे फोन वाजू लागले. डोरीनने प्रत्येक फोन टिपून घेतला. कॅमेऱ्यातून आवाज जात नसल्यामुळे आवाजाची तक्रार एकानेही केली नाही. पहिल्या काही जणांचं म्हणणं, मूल गोड आहे, पण ते आमच्या खुर्चीच्या समोर आहे, जरा डावीकडे सरकवता येईल का. पुढे मात्र सूर बदलला. एवढा मोठा समुद्र, मोकळी वाळू आणि मध्ये एकच मूल. हे आम्हालाही हवं, फक्त मूल आमचं असावं. पुन्हा आलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या त्या गृहस्थांनी आपली मागणी सर्वांत आधीची असल्याची नोंद घ्यायला लावली.

दुपारी तातडीची सभा भरली. क्लाइडला बोलावणं आलं. तो सुकलेल्या विजारीतली वाळू कोणाला दिसू नये अशा बेताने बसला. नगराध्यक्ष ड्वेन स्कार्बरो यांनी त्याने मोडलेले नियम वाचून दाखवले. ते सात निघाले.

"टिलेट, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

"ती ओल्या पायांनी घरी आली," क्लाइड म्हणाला.

"दंड करायचा विचार होता," नगराध्यक्ष म्हणाले, "पण लोकांची मागणी आली आहे. मागणी असली की गुन्ह्याची योजना होते."

योजना अशी. प्रत्येक कुटुंबाला संपूर्ण किनारा अर्धा तास एकट्याला मिळेल. तेवढ्या वेळात हसायला, ओरडायला, धावायला मुभा. बाकीच्यांच्या फक्त खुर्च्या. दिवसाचे अर्धे तास अठ्ठावीस आणि घरं दोनशे बारा असल्याने शेवटच्या घरांची पाळी आठव्या दिवशी येणार होती. घरं सात दिवसांसाठी भाड्याने जातात. हे अभियंत्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याने ते सांगितलंही. कोणाची हरकत आली नाही, कारण पहिल्या अठ्ठावीस जणांत आपण असणार, अशी प्रत्येकाची खात्री होती.

बाहेर पडताना डोरीनने क्लाइडला नवा अर्ज दिला. बेटावर घर असल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याला आताच नाव घालता येणार होतं. वकिलाच्या आग्रहावरून शेवटी एक प्रश्न घातला होता: 'आपल्या वेळेत इतर कुटुंबांनी किनाऱ्यावर यावे का?' निम्म्याहून अधिक लोकांनी 'हो' म्हटलं तर सगळे नियम आपोआप रद्द होणार होते.

"एवढं एक 'हो' लिहायचं काम आहे," डोरीन हळूच म्हणाली. "मग कोणीही कधीही जावं, पूर्वीसारखं. मरो बाई हे एकदाचं, माझीही सुटका होईल. विसरू नकोस."

क्लाइड घरी आला. ब्रेंडा सामान बांधत होती. जोसी कानातली वाळू बोटाने काढत म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षीही तो असाच हवा. नुसता आपला."

रात्रीच्या जेवणाआधी क्लाइडने अर्ज भरला. नाव, पत्ता, चौथ्या रकान्यात रस्टी. शेवटच्या प्रश्नापाशी त्याचं पेन थांबलं. न्याय काय ते त्याला कळत होतं. या एका आठवड्यात दुसऱ्यांच्या नियमांनी आपले किती दिवस गेले, तेही त्याला कळत होतं. मग त्याला सकाळचा तो अख्खा समुद्र दिसला, आणि त्यात ती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे बाहेरच्यांनी म्हणायचं असतं. आजोबांना ते म्हणवत नाही. ब्रेंडाला दिसू नये म्हणून कागदावर डावा हात आडवा धरून त्याने 'नाही' लिहिलं.

महिनाअखेर अर्ज मोजले गेले. दोनशे तेरा आले होते आणि दोनशे तेरांत 'नाही' होतं. खुलाशाच्या जागेत पुष्कळांनी एकच वाक्य लिहिलं होतं: आमची हरकत नसते, पण लोकांना शिस्त नाही.

अर्ज नगरपालिकेच्या संकेतस्थळावर अजून आहे, बाहेरगावच्यांसाठीसुद्धा. त्या दोनशे तेरा जणांचं हसू आलं असेल तर तुम्हीही एक भरून पाहा. उत्तर कोणाला दाखवावं लागत नाही.