साळूमावशीचं आमसूल

एका जंगलात, बाळांनो, हुपराव नावाचा एक वानर राहत होता. जांभळाच्या शेंड्यावर बसायचं आणि वाघ दिसला की 'हुप्प' करायचं, ही त्याची नोकरी. त्याच्या जिवावर खाली चितळांचा कळप निर्धास्त चरायचा.

पण दोन महिने झाले, हुपरावाच्या अंगावर सारखं पित्त उठत होतं. लाल चट्टे, आणि खाज अशी की विचारू नका. तो कराकरा खाजवायचा, फांदी गदगदा हलायची आणि वाघ आला समजून चितळं धूम ठोकायची.

"हुपराव, आता आणखी एकदा उगाच पळवलंत," चितळांची म्होरकी चांदणीबाई म्हणाली, "तर तुमच्या जागी मोर."

हुपरावाचं धाबं दणाणलं.

शेजारची साळिंदर, साळूमावशी, धावत आली. "वांगं सोड. शेंगदाणे सोड. आणि आमसूल भिजवून अंगाला चोळ. आमच्याकडे सगळे हेच करतात."

मग हुपराव डॉक्टर करकोच्यांकडेही गेला. ते म्हणाले, "ही गोळी रोज एक. हिनं सहसा गुंगी येत नाही. खाज नसली तरी घ्यायची. मी सांगेपर्यंत थांबवायची नाही."

"पण पित्त उठतं कशानं?"

"बरेचदा कळत नाही."

कारण न सांगणारा डॉक्टर कुणाला आवडतो, सांगा बरं? मावशीकडे तर सतरा कारणं होती. हुपरावानं दोन्ही उपाय केले. चार दिवसांत अंग स्वच्छ.

"बघ माझं आमसूल!" मावशी म्हणाली.

हुपरावाला पटलं. त्यानं गोळी बंद केली आणि आमसूल दुप्पट केलं.

तिसऱ्या दिवशी चट्टे परत. बिचाऱ्यानं फांदी घट्ट धरली, डोळ्यांत पाणी आलं, पण खाजवलं नाही. सुट्टी होताच करकोच्यांकडे पळाला आणि मुकाट्यानं गोळी सुरू केली. मावशीला वाईट वाटू नये म्हणून कपाळावर आमसूल राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात खरोखरच वाघ आला. हुपरावाचे दोन्ही हात मोकळे होते आणि लक्ष गवताकडे होतं. त्याला लांबूनच पट्टे दिसले. "हुप्प!" सगळी चितळं वाचली.

जंगलानं मोठा सत्कार केला. साळूमावशीचा. पांघरताना शाल तीन ठिकाणी फाटली.

मागच्या रांगेत करकोचे आनंदानं पंख वाजवत होते. त्यांनी हुपरावाला हळूच विचारलं, "गोळी?"

"रोज सकाळी, न चुकता. पण हळू बोला, मावशी ऐकेल."

तात्पर्य: गोळी रोज घ्यावी आणि श्रेय आमसुलाला द्यावं. त्यानं अंगही शांत राहतं आणि शेजारही.